बाहीच्या ओळीतल्या दोन जागा

सून उलट बोलते म्हणून डोळे पुसणाऱ्या सासवा मी पुष्कळ पाहिल्या. माझी तक्रार त्याच्या उलट आहे. माझी सून उत्तरच देत नाही. चहात साखर जास्त झाली म्हणा, ‘हो आई’. कमी झाली म्हणा, ‘हो आई’. साखर अगदी बेताची आहे म्हणा, तरीही ‘हो आई’. माणसाने भांडायचं तरी कुणाशी? भिंतीवर डोकं आपटलं तर निदान टेंगूळ येतं. हिच्यापाशी तेवढंही हाती लागत नाही.

पूर्वी अशी नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा तिची जीभ माझ्याइतकीच चालायची. माझा मुलगा आम्हा दोघींच्या मध्ये बसून हसायचा. म्हणायचा, मी कात्रीतला खिळा आहे, मी निघालो तर तुम्ही दोघी दोन बाजूंना पडाल. तो गेला त्याला सव्वा वर्ष झालं.

आमचं घर म्हणजे रस्त्याकडेच्या दोन खोल्या. पुढची शिवणकामाची. खिडकीशी माझं मशीन, मधोमध कापायचं लांब टेबल, भिंतीवर रिळांची फळी. मशीनशेजारी सुयांची गादी, तीत बारा सुया. रोज सकाळी मी त्या मोजते. जमिनीवर पडलेली सुई पायात जाते आणि मग गिऱ्हाईक वर्षभर तेच सांगत बसतं. मागच्या खोलीत चूल, दोन खाटा आणि लोखंडी कपाट. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असते, झोपेतसुद्धा.

मी चौथीपर्यंत शिकले. पण कापड माझ्याशी कधी खोटं बोललं नाही. अर्ध्या सुताचा फरक मी लांबून पाहून सांगते. मुलालाही मी हातशिलाई शिकवली होती. तो डावखुरा. त्याचे टाके उलटे झुकायचे, वाऱ्याने गवत एका बाजूला पडावं तसे. गिऱ्हाइकाला दिसू नयेत म्हणून मी ते उसवून पुन्हा घालायची. मोठा झाल्यावर तो म्हणाला, आई, तुझ्या दुकानात माझा एकही टाका शिल्लक नाही. हसतच म्हणाला होता. मग कागदाच्या कारखान्यात लागला.

तिथे ओला कागद वाळवणारे मोठाले रूळ असतात. त्यांच्यावर त्याचं काम. थंडीत मी शिवलेला करडा जाड कोट घालून जायचा. त्या सकाळी कोटाची उजवी बाही रुळात सापडली. पुढचं मी लिहीत नाही.

भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी एकच सांगितलं. बाहीचं बटण तुटलेलं होतं, हिने लावून दिलं नाही, बाही मोकळी राहिली. सून तिथेच होती. आलेल्यांना पाणी देत होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, पेला खाली ठेवला आणि दुसरा भरला. त्या दिवसापासून ‘हो आई’.

या वर्षी तिने संगणकाचा वर्ग लावला. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर चालतो. वर्गानेच एक जुना लॅपटॉप वापरायला दिला, तो तिने माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर मांडला. कापडाच्या गोदामाच्या कचेरीत माणूस हवं होतं. वर्ग पुरा केला तर ती जागा, आणि गोदामापाशीच राहायला खोली. मात्र पहिला पाठ शनिवारी चारच्या आत बरोबर करून पाठवला नाही तर वर्गातून नाव कमी. जाईन असं ती म्हणाली नाही. पण आपले कपडे दोनदा घडी करून ठेवणारी बाई मला कळते. अपराध घेऊन बसलेली सून घर सोडत नाही, हेही मला कळत होतं. म्हणून खरं सांगते, पाठ अडला तेव्हा मला बरं वाटलं.

पाठ पोरखेळासारखा होता. मला तिच्या मागे उभं राहून कळला. संगणकाला हुकूम लिहून द्यायचे आणि तो चालवून त्याच्याकडून पाच ओळींची यादी पडद्यावर छापून घ्यायची. डावीकडे वस्तूचं नाव, उजवीकडे आकडा, मधे रिकाम्या जागा. सगळ्या ओळी मोजून वीस जागांच्या, एका उभ्या रेषेत संपणाऱ्या. थोडक्यात, कडा सरळ कापायची. उत्तर पाठवलं की तिकडचं यंत्र तपासतं, आणि एक जागा जास्त झाली तरी परत करतं. माझ्याहून खडूस निघालं.

प्रत्येकीने आपल्या धंद्यातली यादी घ्यायची होती. हिने मापं घेतली. मंगळवारी दुपारी मी काज करत होते, सहज मान वर केली तर पडद्यावर पाच ओळी. गळा १५, खांदा १८, छाती ३८, कंबर ३३, बाही २३.

मी सुई गादीत खोचली. कुणाची मापं आहेत, असं विचारलं. म्हणाली, कुणाची नाहीत, मनाला आले ते आकडे घातले.

ती मापं माझ्या मुलाची होती. बायकोला नवऱ्याचं माप ठाऊक असेल, मी नाही म्हणत नाही. पण बाकीचे शिंपी खांद्यापासून सुरुवात करतात. गळ्यापासून सुरुवात करून बाहीवर संपवणारी मी एकटी, आणि हिने माझी वही कधी उघडलेली नाही. घरच्या मापांची ती जुनी वही कपाटात असते.

यंत्राने यादी परत केली. पाचव्या ओळीत दोन जागा जास्त, असं आलं.

हिने पाहिलं. रिकामी जागा डोळ्याला दिसत नाही, पण एक बटण दाबलं की जागोजाग बारीक ठिपके उमटतात, खडूच्या खुणांसारखे. चार ओळी एका रेषेत संपत होत्या. बाहीच्या ओळीत तेवीस झाल्यावर पुढे दोन ठिपके होते. तिने पुसले, पुन्हा चालवलं. दोन ठिपके. ओळ पुसून नव्याने लिहिली. दोन ठिपके. बाहीची ओळ उचलून सगळ्यांत वर नेली. आता पहिल्या ओळीत दोन जास्त.

तिन्हीसांजेपर्यंत तेच चाललं होतं. मी म्हटलं, साधी कडा सरळ येत नाही तुला. म्हणाली, ‘हो आई’.

बुधवारी वर्गावरून आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. शिकवणारी बाई म्हणाली म्हणे, घाई करता, बारीक बघा. ते मला झोंबलं. माझ्या सुनेला काय बोलायचं ते मी बोलेन. गुरुवारी मीच तिच्याबरोबर वाचनालयाचा जिना चढले.

बाई म्हणजे माझ्या नातीच्या वयाची, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणारी. माझ्यासाठी तिने खुर्ची ओढली. मी उभीच राहिले. म्हटलं, तुम्ही स्वतःच्या हाताने करून दाखवा, म्हणजे चूक कुणाची ते कळेल. ती हसली. म्हणाली, आजी, सगळेच नवशिके इथे अडतात, शेवटी नको ती जागा ठेवून देतात आणि ती दिसत नाही. मी म्हटलं, दिसत नाही ते शोधण्यातच माझा जन्म गेला, तुम्ही करा.

तिने आपल्या यंत्रावर, आपल्या बोटांनी, पाच ओळी लिहिल्या. मी प्रत्येक बोट पाहत होते. तेवीसनंतर तिने काहीही दाबलं नाही. चालवलं.

बाहीपुढे दोन ठिपके.

तिने चष्मा डोळ्यांवर घेतला. पुन्हा केलं. मग शेजारच्या यंत्रावर केलं. मग बाहीच्या जागी टोपी लिहिली, ओळ बरोबर आली. परत बाही लिहिली, दोन ठिपके. चौथ्या वेळी ती हसत नव्हती. खिडकी उघडी होती तरी तिने विचारलं, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास कुणाला येतोय का? वर्गातल्या कुणालाच येत नव्हता. मला येत होता. माझा मुलगा कामावरून आला की घरभर तोच वास असायचा, ओल्या लगद्याचा आणि तेलाचा.  सुनेने ओढणी नाकावर धरली नाही, उलट श्वास आत घेतला. ते मी पाहिलं.

निघताना बाई मला म्हणाली, बाही काढून दुसरं काही घाला, पाठ एकदाचा संपवा. सुनेला म्हणाली नाही, मला म्हणाली. चूक कुणाची, ते मात्र तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी गादीत सुया अकरा. करड्या दोऱ्याचं रीळ फळीवर उलटं ठेवलेलं. मी सुनेवर ओरडले, सुई कुठे टाकलीस? म्हणाली, मी हात लावला नाही, आई. सव्वा वर्षात माझ्या ठपक्याला ‘हो आई’ सोडून आलेलं ते पहिलं उत्तर, पण तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. मी चुंबक घेऊन सगळी जमीन झाडली. सुई नाही.

दुपारी तिने बाहीची ओळ काढून टाकली आणि तिथे उंची घातली. उंची ६८. पाच ओळी आल्या, पाची सरळ, कडेला कडा.

खाली सहावी ओळ होती. तिच्यात शब्द नव्हता, आकडा नव्हता. नुसते दोन ठिपके, जिथे बाही संपली असती तिथे, हवेत.

 सुनेने उंची पुसली आणि बाही पुन्हा जागच्या जागी लिहिली. रुसलेल्या माणसाला घरात घेताना दार हळू उघडतात, तशी बोटं चालवत होती.

मी मशीन चालवत राहिले. दोरा दोनदा तुटला.

आता ते सांगते. इतके दिवस सांगितलं नाही, आणि सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

वहीत बाही तेवीस आहे. मी स्वतः घेतलेलं माप. पण कोट कापताना मी पंचवीस कापली. मुलाचा प्रत्येक कपडा मी वाढत्या अंगाचा कापायची. तो दोन वर्षांचा असताना लागलेली सवय, तो चौतीसचा झाला तरी सुटली नाही. कोट अंगावर घालून पाहिला तेव्हा बाही त्याच्या बोटांवर आली. सून तिथेच उभी होती. म्हणाली, ‘आई, दोन इंच आत घ्या ना, रुळाशी काम असतं त्याचं.’

मी म्हटलं, मला शिकवू नकोस. याचं पहिलं अंगडं शिवलं तेव्हा तू पाळण्यात होतीस.

आणि तो, नेहमीसारखा मध्ये. म्हणाला, राहू दे गं, आईला अजून वाटतं मी वाढतोय.

ती बाही तशीच राहिली. दोन महिन्यांनी रुळाने ओढली.

आणखी एक आहे. कारखान्यातून पुडकं आलं ते मी एकटीने सोडलं. कोट होता, उजव्या बाहीवाचून. कागदात वेगळा गुंडाळलेला त्या बाहीच्या टोकाचा तुकडा होता. त्याच्यावर बटण होतं. काजात घातलेलं, नीट, घट्ट. सकाळी सुनेनेच घातलेलं असणार, तो एका हाताने कधी घालू शकला नाही. मी तो तुकडा पाहिला, कोटाच्या खिशात ठेवला, कोट घडी करून कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि बाहेर येऊन माणसांना सांगितलं की बटण तुटलेलं होतं.

शनिवारी दोनला तिने यादी पाठवली. परत आली. अडीचला पाठवली, परत आली. गल्लीत कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. तीनला तिने पुन्हा चालवलं आणि थांबली. मला म्हणाली, ‘आई, बघा.’

मी चष्मा लावून गेले. तेवीसच्या पुढे एकच ठिपका होता.

तू पुसलास का, असं विचारलं. तिने मान हलवली. दोन्ही हात तिने मांडीत धरून ठेवले होते. एवढं करून म्हणाली, ‘कुणीतरी आत घेतंय.’

 या घरात उत्तर न देण्याची पाळी माझी होती.

मागच्या खोलीत गेले. कुलूप जसं लावलं होतं तसं होतं. सव्वा वर्षात न उघडलेलं ते आतून गंजलं होतं, कमरेची किल्ली त्यात घट्ट बसली. दोन्ही हातांनी फिरवावी लागली.

दार उघडलं तसा तो वास अंगावर आला.

कोट घडीत नव्हता. डाव्या बाहीवर पालथा पडलेला होता, मांडीवर घेऊन काम करता करता बाजूला ठेवावा तसा. पुडक्यातला तुकडा खिशात होता, मी ठेवला तिथेच.

मी डावी बाही हातात घेतली. बटणाच्या वर आतून दुमड घेतलेली होती. करडा दोरा, माझ्या रिळाचा. टेप लावली. दुमडीच्या बाजूने तेवीस. वळवली. दुसऱ्या बाजूने पंचवीस. अर्ध्या घेरापर्यंतच दुमड शिवलेली होती.

खिडकीशी नेऊन टाके पाहिले. बारीक नव्हते, कधीच नसायचे. सगळे उलट्या बाजूला झुकलेले.

पुढच्या टाक्यासाठी सुई कापडात खोचून ठेवलेली होती. बारावी सुई. तिच्यातून लोंबणारं दोऱ्याचं टोक मी चिमटीत धरलं.

ओवताना दोरा ओठांत धरतात. टोक ओलं होतं.

मी खाटेवर बसले. पुढची अर्धी बाही मी शिवू शकले असते, पाच मिनिटांचं काम. माझा हात सुईवर गेलाही. मग कळलं, तो का थांबला. कापडातलं जेवढं त्याला आत घेता येत होतं तेवढं त्याने घेतलं होतं. उरलेलं सुईने होणारं नव्हतं. लहानपणीही त्याची हीच रीत. माझं नि दुसऱ्या कुणाचं वाजलं की अर्धं काम स्वतः करायचा आणि अर्ध्यासाठी माझ्या तोंडाकडे बघत उभा राहायचा.

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचे टाके उसवले नाहीत.

बाहेर आले तेव्हा घड्याळात चारला दहा कमी होती. सून तशीच बसली होती, बोटं मांडीत. पडद्यावर पाच ओळी आणि एक ठिपका.

लॅपटॉपशेजारी टेबलावर मी कोट ठेवला, सुईसकट. त्यावर बाहीचा तुकडा ठेवला, बटण वर करून. तिने बटणाकडे पाहिलं. काजात बसलेलं बटण. तिचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला. तिची मान माझ्याकडे वळली आणि ओठ हलले. ते दोन शब्द मला ओठांवरच दिसले.

मी म्हटलं, ‘बटण तू लावलं होतंस. बाही मी लांब कापली, तू सांगूनसुद्धा. लोकांना खोटं सांगितलं तेही मी. तुझं काही चुकलेलं नाही. आणि आता हो आई म्हणू नकोस.’